समुद्रातील विहीर आणि किनाऱ्यावरील घोषणा

अंदमान बेटांच्या पूर्व किनाऱ्यापासून 17 किलोमीटर अंतरावर, 295 मीटर खोल पाण्यात ऑइल इंडिया या सरकारी कंपनीने खणलेल्या 'श्री विजयपुरम-2' या शोधविहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याची वार्ता केंद्रीय पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी सप्टेंबर 2025 मध्ये दिली. ही विहीर 2,650 मीटर खोलीपर्यंत नेण्याचे योजले होते. 2,212 ते 2,250 मीटर या पट्ट्यात चाचणी घेण्यात आली तेव्हा थांबून थांबून पेटणारा वायू वर आला. त्याचे नमुने जहाजाने काकिनाड्याला नेण्यात आले व त्यात 87 टक्के मिथेन असल्याचे दिसून आले. साठा किती मोठा आहे आणि तो काढणे व्यापारी दृष्ट्या परवडेल काय, हे पुढील काही महिन्यांत तपासले जाईल, अशी पुस्तीही मंत्रिमहोदयांनी जोडली होती. ही पुस्ती महत्त्वाची होती. परंतु त्याआधी काही महिन्यांपासूनच अंदमानची तुलना दक्षिण अमेरिकेतील गयाना या देशाशी होऊ लागली होती. गयानाच्या समुद्रात 2015 पासून 11 अब्ज पिंपांहून अधिक तेल सापडले आहे. साहजिकच वार्ता आली ती एका विहिरीची. लोकांच्या मनात उभे राहिले ते दुसरे गयाना. पुस्ती मागे पडली.

समुद्रातील तेलसंशोधनाविषयी भारतात वेळोवेळी जी निराशा पदरी आली तिचे मूळ येथे आहे. विहिरीचा निष्कर्ष ही एक गोष्ट आणि त्या निष्कर्षाची घोषणा ही दुसरी. या दोहोंत किती अंतर असते आणि ते विसरल्यास त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा अर्धशतकाचा अनुभव देशाच्या गाठीशी आहे. त्यातील पहिला आणि मोठा भाग मुंबईच्याच समुद्रात मिळालेला आहे.

विहीर काय सांगते?

समुद्राच्या तळाखाली तेल आहे की नाही, हे कोणतेही यंत्र वरून पाहून सांगू शकत नाही. सर्वेक्षण करणारे जहाज दाबलेली हवा पाण्यात सोडून आवाज निर्माण करते. तो खडकांच्या थरांवरून परत येतो आणि त्या प्रतिध्वनींवरून थरांचा नकाशा तयार होतो. या नकाशावरून फार तर एवढेच कळते की, तेल साठून राहू शकेल असा उंचवटा किंवा घडी अमुक ठिकाणी आहे. तेल निर्माण करणारा मूळ खडक, ते साठवून ठेवणारा सच्छिद्र खडक, वरून ते अडवून धरणारे अभेद्य झाकण आणि या सर्वांचा योग्य काळी जुळून आलेला मेळ, यांपैकी एक गोष्ट जरी उणी पडली तरी विहीर कोरडी निघते. अनोळखी खोऱ्यात दहा विहिरींपैकी एक-दोन सफल झाल्या तरी भूशास्त्रज्ञ ते चांगले यश मानतात. आणि खोल समुद्रातील एकेका विहिरीचा खर्च शेकडो कोटी रुपयांच्या घरात जातो.

तेल वा वायू लागल्यानंतरही प्रश्न संपत नाही. साठ्याचा विस्तार कळण्यासाठी आसपास आणखी विहिरी घ्याव्या लागतात. त्यातून तीन निरनिराळे आकडे निघतात. जमिनीखाली एकूण किती तेल आहे, हा पहिला. त्यापैकी प्रत्यक्ष वर काढता येण्याजोगे किती, हा दुसरा. जगभरच्या अनुभवानुसार तो सरासरीने पहिल्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो. आणि बाजारभाव, नळ, फलाट व कर्जावरील व्याज यांचा हिशेब करून परवडणारे किती, हा तिसरा. घोषणा बहुधा पहिल्या आकड्याची होते. देशाचा संसार मात्र तिसऱ्या आकड्यावर चालतो.

मुंबई हायचे दोन धडे

मुंबईच्या वायव्येस सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाखाली मोठी रचना आहे, हे सोव्हिएत जहाजाच्या साहाय्याने केलेल्या सर्वेक्षणातून 1964 च्या सुमारासच ध्यानात आले होते. पण तेथे विहीर खणण्याजोगे साधन देशापाशी नव्हते. 1970 मध्ये खंबायतच्या आखातात अलियाबेट येथे उथळ पाण्यात पहिला प्रयत्न झाला. त्यातून तेलापेक्षा अनुभवच अधिक मिळाला. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जपानमध्ये बांधून घेतलेला 'सागर सम्राट' हा तरता फलाट 1973 मध्ये आला आणि फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबई हायच्या पहिल्याच विहिरीत तेल लागले. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला होता. परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. अशा वेळी हे तेल म्हणजे देशाला मिळालेला मोठाच दिलासा होता. पुढे एक रुपयाच्या नोटेवर 'सागर सम्राट'चे चित्र छापले गेले, यात नवल नाही. 21 मे 1976 रोजी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले आणि 1978 मध्ये उरणपर्यंत नळ आले.

या यशामागे काय होते, हे आज विसरले गेले आहे. नकाशावर रचना दिसल्यापासून तेल लागेपर्यंत दहा वर्षे गेली. त्या काळात गाजावाजा झाला नाही. भारतीय भूशास्त्रज्ञ घडवले गेले, साधने जमवली गेली आणि अपयशाची धास्ती न बाळगता काम चालू राहिले. केशवदेव मालवीय यांच्यासारख्या मंत्र्याने 1950 च्या दशकात सरकारी तेलसंशोधनाचा जो पाया घातला, त्याचे फळ दोन दशकांनी हाती आले. मुंबई हायचा पहिला धडा तो हा.

दुसरा धडा कडू आहे. 1979 मध्ये इराणच्या क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले. त्यातच आसामातील आंदोलनामुळे तेथील उत्पादन खुंटले. 1980-81 मध्ये देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन सुमारे 1 कोटी 5 लाख टन होते. सरकारने सारा भार मुंबई हायवर टाकला. 1984-85 मध्ये देशाचे उत्पादन सुमारे 2 कोटी 90 लाख टनांवर गेले आणि देशाची जवळजवळ 70 टक्के गरज देशातच भागू लागली. 1985 मध्ये एकट्या मुंबई हायमधून दिवसाला साडेचार लाख पिंपांहून अधिक तेल निघत होते. 1989-90 मध्ये देशाचे उत्पादन 3 कोटी 40 लाख टनांपर्यंत पोहोचले. प्रत्येक वर्षीचे उद्दिष्ट मागच्या वर्षापेक्षा मोठे असे आणि ते पार केल्याची वार्ता अभिमानाने दिली जात असे.

चुनखडीच्या त्या थरांना मात्र अर्थसंकल्प कळत नाही. तेल काढले की थरांतील दाब उतरतो. तो टिकवण्यासाठी खाली पाणी सोडावे लागते. मुंबई हायमध्ये हे काम उत्पादन सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनी, 1984 मध्ये सुरू झाले. तेलाबरोबर येणारा वायू वापरण्याची सोय अपुरी असल्याने त्यातील मोठा हिस्सा वर्षानुवर्षे समुद्रावरच जाळून टाकण्यात आला. पुढे व्हायचे ते झाले. अनेक विहिरींतून तेलाऐवजी वायू आणि पाणीच अधिक येऊ लागले, काही बंद कराव्या लागल्या आणि 1992-93 मध्ये देशाचे उत्पादन सुमारे 2 कोटी 70 लाख टनांवर घसरले. ही घसरण सुरू झाली तीही नेमकी आखाती युद्ध आणि परकीय चलनाचे संकट यांच्या काळात. त्यानंतर पुनर्विकासाच्या योजनांवर मोठा खर्च करूनही मुंबई हायचे तेल 2024 मध्ये दिवसाला सुमारे 1 लाख 34 हजार पिंपांवर आले होते. 2025 मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी पाचारण करण्यात आले. दहा वर्षांत तेल व वायू मिळून सुमारे 60 टक्क्यांपर्यंत वाढ शक्य आहे, असा तिचा अंदाज सांगितला गेला. तो खरा ठरो. पण तो अंदाज आहे, पिंपात आलेले तेल नव्हे.

त्या काळच्या राज्यकर्त्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही. चलन वाचवण्याची निकड खरी होती आणि त्या तेलाने देशाला अनेक वर्षे तारले, हेही खरे. परंतु किती वेगाने तेल उपसावे हा भूशास्त्राचा प्रश्न असताना तो राजकीय उद्दिष्टाचा प्रश्न बनला आणि त्या निर्णयाचा भार पुढील पिढीवर पडला, हे नाकारता येणार नाही.

गोदावरीच्या मुखाशी

मुंबई हायपासून घ्यावयाचा बोध पूर्व किनाऱ्यावर घेतला गेला नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-6 क्षेत्रात रिलायन्स कंपनीला 2002 मध्ये वायू सापडला आणि एप्रिल 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले. दिवसाला 8 कोटी घनमीटर वायू मिळेल, असे आराखड्यात म्हटले होते. 2010 मध्ये तो 6 कोटींच्या आसपास पोहोचला आणि तीन-चार वर्षांत दीड कोटीच्याही खाली उतरला. थरांची रचना अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीची निघाली, असे कंपनीचे म्हणणे. सरकार आणि कंपनी यांच्यातील वाद लवादापर्यंत गेला. त्या क्षेत्रातील मुख्य दोन वायुसाठ्यांचे उत्पादन फेब्रुवारी 2020 मध्ये बंद झाले. पुढे त्याच क्षेत्रातील नव्या साठ्यांनी उत्पादन सावरले ही गोष्ट वेगळी.

पण मधल्या काळात त्या आठ कोटींवर विसंबून जे उभे राहिले होते त्याचे काय झाले? एन्रॉनच्या पतनानंतर सरकारी कंपन्यांनी हाती घेतलेला गुहागर तालुक्यातील दाभोळचा 1,967 मेगावॉटचा वीजप्रकल्प 2009 पासून याच वायूवर चालू लागला होता. वायू आटत गेला आणि 2013 मध्ये प्रकल्प बंद पडला. रेल्वेने वीज घेण्याचे मान्य केल्यानंतर 2015 मध्ये तो अंशतः पुन्हा सुरू झाला. देशभर 14 हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेचे वायूवरील प्रकल्प असेच खोळंबून राहिले. त्यांना कर्जे दिली होती ती सरकारी बँकांनी, म्हणजेच सामान्य ठेवीदारांनी.

गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाची कथा याहून बोलकी आहे. त्याच खोऱ्यात या महामंडळाला 20 लाख कोटी घनफूट वायू सापडल्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी जून 2005 मध्ये केली. अधिकृत तपासणीनंतर मान्य झालेला साठा त्याच्या एक-दशांशाच्या आसपास निघाला. महामंडळावरील कर्ज सुमारे 20 हजार कोटी रुपयांवर गेले व महालेखापरीक्षकांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. अखेर 2017 मध्ये त्या क्षेत्रातील 80 टक्के हिस्सा केंद्र सरकारच्या मालकीच्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने विकत घेतला. घोषणा एकाची आणि भरपाई दुसऱ्याची, असा हा प्रकार झाला. एक घोषणा खासगी कंपनीच्या क्षेत्रातली, दुसरी राज्य सरकारची. पक्ष किंवा मालकी कोणतीही असो, खातरजमा न झालेल्या आकड्यावर इमारत उभारली की ती ढासळते.

कोरडी विहीर हा गुन्हा नव्हे

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, इतकी सावधगिरी बाळगायची तर संशोधन होणारच नाही. आक्षेपात तथ्य आहे. देशाची तेलाची गरज वर्षाला 24 कोटी टनांच्या आसपास गेली आहे. 2024-25 मध्ये देशातील उत्पादन तीन कोटी टनांहून कमी होते आणि सुमारे 88 टक्के तेल आयात करावे लागले. अशा देशाने आपला समुद्र न धुंडाळणे परवडणारे नाही. संरक्षण व अन्य कारणांस्तव बंद असलेले सुमारे 10 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र 2022 मध्ये खुले करण्यात आले आणि ऑगस्ट 2025 मध्ये पंतप्रधानांनी खोल समुद्रातील संशोधनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, ही पावले योग्यच आहेत. पण हिशेब स्पष्ट असावा. देशातील उत्पादन उद्या दुप्पट झाले तरी ते आजच्या गरजेच्या चौथ्या हिश्श्याएवढेच भरेल. स्वयंपूर्णतेचे आश्वासन यातून देता येणार नाही. आयातीचा भार काही प्रमाणात हलका होईल, एवढेच म्हणता येईल. आणि त्यालाही वेळ लागेल. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात सरकारी महामंडळाला सापडलेल्या साठ्याच्या विकासाचा आराखडा 2016 मध्ये मंजूर झाला. पहिले तेल निघाले ते जानेवारी 2024 मध्ये.

प्रश्न खणावे की नाही हा नाहीच. खणण्याची ऐपत आणि अपयश सोसण्याचे स्वातंत्र्य सरकारी कंपन्यांना आहे काय, हा खरा प्रश्न आहे. नॉर्वेच्या समुद्रात पहिली विहीर 1966 मध्ये खणली गेली. तीसहून अधिक विहिरींनी निराशा केल्यानंतर, कंपन्या माघार घेण्याच्या बेतात असताना, 1969 च्या अखेरीस एकोफिस्क हे प्रचंड तेलक्षेत्र सापडले. भारतात मात्र तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची तिजोरी इतर कामांसाठी वापरण्याची प्रथाच पडली आहे. अनेक वर्षे इंधनावरील सवलतीचा वाटा त्याच्याकडून वसूल केला गेला. 2018 मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा हिस्सा 36,915 कोटी रुपयांना त्याच्या गळ्यात घालून सरकारने आपली वित्तीय तूट सावरली. शिलकीतल्या महामंडळाला कर्ज काढावे लागले. या रकमेत खोल समुद्रातील किती विहिरी खणता आल्या असत्या, याचा हिशेब कोणी मांडला नाही. एकीकडे कोरड्या विहिरीवरून अधिकाऱ्यांना लेखापरीक्षणाच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे आणि दुसरीकडे संशोधनाचा पैसा अन्यत्र वळवावयाचा, ही विसंगती आहे.

नॉर्वेकडून आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथे प्रत्येक शोधविहिरीचा निकाल, ती कोरडी निघाली तरी, सरकारी संचालनालय स्वतः प्रसिद्ध करते: पाण्याची खोली किती, कोणता थर अपेक्षित होता, काय मिळाले, अंदाज किती. दोन वर्षांनंतर विहिरीची सविस्तर माहितीही साधारणपणे खुली होते. त्यामुळे घोषणेला वावच उरत नाही. भारतात 1993 पासून हायड्रोकार्बन महासंचालनालय आहे. पण ते पेट्रोलियम मंत्रालयाच्या छायेतच वावरते आणि महत्त्वाची वार्ता मंत्र्याच्या मुखातून प्रथम बाहेर पडते. हे काम स्वायत्त दर्जा असलेल्या महासंचालनालयाकडे सोपवावे, प्रत्येक विहिरीचा निकाल ठराविक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन घालावे आणि साठ्याचे तीनही आकडे वेगवेगळे दिल्याखेरीज कोणताही आकडा अधिकृत मानू नये. एखाद्या क्षेत्रातून किती वेगाने उत्पादन घ्यावे याचा तांत्रिक सल्ला आणि सरकारने प्रत्यक्ष घेतलेला निर्णय हे दोन्ही संसदेपुढे ठेवले जावेत. मुंबई हायच्या बाबतीत तसे झाले असते, तर निदान निर्णयाची जबाबदारी कोणाची हे तरी स्पष्ट राहिले असते.

या हिशेबात समुद्रावर काम करणारी माणसेही धरली पाहिजेत. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हायच्या उत्तर फलाटाला एक जहाज आदळून आग लागली आणि 22 जणांचा बळी गेला. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाची पूर्वसूचना असताना तराफे समुद्रातच राहिले. 'पी-305' हा तराफा व त्याबरोबरची एक टगबोट बुडून 80 हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक कंत्राटदारांकडे काम करणारे होते. पावसाळ्यापूर्वी काम उरकण्याची घाई आणि आकडा गाठण्याची घाई यांचे नाते दूरचे नाही. सर्वेक्षणाच्या काळात ज्यांना जाळी गुंडाळून घरी बसावे लागते त्या पालघर-डहाणूच्या मच्छीमारांची तक्रारही वर्षानुवर्षे तशीच पडून आहे. अंदमानच्या समुद्रात काम वाढेल तेव्हा तेथेही हे प्रश्न उभे राहतील. त्यांची तरतूद आरंभीच झालेली बरी.

'श्री विजयपुरम-2' या विहिरीने एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे: अंदमानच्या थरांत वायू निर्माण होतो व काही ठिकाणी तो साठून राहतो. भूशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर मोलाचे आहे. तो किती आहे, याचे उत्तर पुढील विहिरींनी द्यावयाचे असते. आणि त्या विहिरींपैकी काही कोरड्या निघाल्या तर मोहीम फसली असेही समजण्याचे कारण नाही. मुंबई हायसाठी देशाने दहा वर्षे वाट पाहिली होती, आणि ती वाट पाहताना कोणाला आकडे सांगितले नव्हते. अंदमानसाठी तेवढा धीर धरण्याची तयारी सरकारने आणि जनतेनेही ठेवली, तर तेथून जे काही निघेल ते पदरात पडेल. ती तयारी नसेल, तर एखादे दाभोळ पुन्हा उभे राहील आणि त्याचे व्याज पुन्हा ठेवीदारच भरतील.